अकरा नकार

साल्चिया, ९ नोव्हेंबर २००८

पादोव्यात राबणाऱ्या माझ्या गावच्या बायांनो,

रविवारी सकाळी त्या मोटारतळावर, गावाहून पार्सलं आणणाऱ्या कोस्ताकेच्या मिनिबसच्या मागच्या दाराशी उभ्या राहून तुम्ही हे पत्र ऐकत असाल. हातात घरून आलेली पिशवी असेल, पिशवीत लोणच्याची बरणी असेल आणि बरणीवर तुमच्या पोराच्या बोटांचा चिकट ठसा असेल. तुमचं आणि माझं गाऱ्हाणं एकच आहे. या देशाने तुम्हाला काम दिलं नाही. म्हणून तुम्ही इटलीत परक्यांच्या म्हाताऱ्यांना कुशीवर वळवता आणि तुमची पोरं आम्हा म्हाताऱ्यांच्या कुशीत वाढतात. ज्या सरकारने पोरांपासून आया तोडल्या, तेच सरकार आता बालवाडीत येऊन पोरांच्या हातावर क्षयाच्या तपासणीची सुई टोचणार आहे आणि विचारणार आहे, तुमच्या घरात क्षय आहे का?

पस्तीस वर्षं मी या गावात इतिहास शिकवला. तुमच्यातल्या निम्म्या जणींना मी नापासही केलंय, तेव्हा माझा आवाज तुम्हाला नवा नाही. शिक्का म्हणजे काय ते मी घरातच पाहिलं. १९५७ साली माझ्या थोरल्या भावाला, इलारीला, ट्रकमध्ये घालून क्षयाच्या इस्पितळात नेलं. घराच्या दारांवर औषधाची पांढरी फवारणी केली. तीन वर्षांनी तो ठणठणीत बरा होऊन आला, पण लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारची खुर्ची मरेपर्यंत रिकामी राहिली. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसेना. मी आठ वर्षांचा होतो. आपल्या पोरांच्या कपाळी हेच लिहायचंय का?

गेल्या रविवारी शाळेच्या सभागृहात मी पाऊण तास बोललो. नर्सबाई पारास्किवा पहिल्या रांगेत होती. तिने एकदाच तोंड उघडलं. "मास्तर, मुंगी चावल्याएवढी तर सुई असते."

मी म्हणालो, "बाई, मुंगीच्या चाव्याची कुणी फाइल ठेवतं का?"

सभागृह हसलं. तीसुद्धा हसली, पण जरा उशिराने.

नकारपत्रं मी स्वतः लिहून कोस्ताकेजवळ दिली आहेत. सही आई किंवा बापाचीच लागते, आजी-आजोबांची चालत नाही. सह्या करा आणि त्याच गाडीने परत पाठवा.

तुमचा,
सेराफिम मास्तर

ता. क. अग्लाया, तू त्या गर्दीत असशीलच. बापाशी बोलू नकोस, पण सही कर. तुझी कातिंका मजेत आहे.


साल्चिया, ४ डिसेंबर

अग्लाया,

अकरा नकार आले. सगळ्यात वर तुझा. त्याच्या पाठीमागे तू पेन्सिलीने लिहिलंस, "बाबा, या वेळी तुमचं बरोबर आहे." आठ महिन्यांत तुझ्याकडून मला आलेली ही पहिली ओळ. मी ती शेजारच्या दोमनिकाला वाचून दाखवली, तर ती म्हणाली, "ओळ एवढीशी आणि तुमची छाती केवढी फुगली, मास्तर! बटणं सांभाळा."

इस्टरचं मी विसरलेलो नाही. माझ्या छातीत कळ आलीय असा फोन तुला गेला, तू सगळं टाकून धावत आलीस आणि मी द्राक्षांच्या वेली छाटताना सापडलो. तिकडे तुझ्या जागी दुसरीला ठेवलं. तिसऱ्या दिवशी तू गेलीस, पोरीचा पापा घेतलास आणि माझ्याकडे पाहिलंही नाहीस. मी माफी मागितलेली नाही. पोरीला तिची आई हवी होती आणि मला दुसरा उपाय सुचला नाही.

तुझ्या प्लास्टिकच्या खिडक्या बसवून झाल्या. जुन्या लाकडी खिडक्यांतून वारा शिट्ट्या मारायचा, आता मुंगीलासुद्धा बाहेर जायला फट नाही. तू घर वाढवून सहा खोल्यांचं केलंस, पोरी, पण भट्टी एकाच खोलीत पेटते, म्हणून आम्ही सगळे त्या एका खोलीतच. तिथेच स्वयंपाक, तिथेच कोबीचं पिंप, तिथेच भट्टीवरचा ऊबदार ओटा. कातिंका ओट्यावर माझ्या पोटाशी झोपते, अगदी मांजरीसारखी. मी कूस बदलली की झोपेतच माझा कान पकडते.

फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की ती दिवसभर जेवत नाही. पत्रंच बरी.

तिने एक नवा खेळ काढलाय. बाहुलीला मांडीवर घेते, तिच्या पाठीवर थोपटते आणि म्हणते, "खोक, आजोबा, खोक. निघून जाईल." दोमनिका हसून हसून रडली. तंबाखूचा खोकला, दुसरं काय. माझ्या चमच्याला मी लाल दोरा बांधून ठेवलाय, त्याने ती खाऊ नये म्हणून. तर आता तिलाही दोऱ्याचा चमचा हवाय.

पट्ट्याला मी दोन नवी भोकं पाडली. म्हातारपणी माणूस सडपातळ दिसतो, वाईट काय त्यात?

बाबा


साल्चिया, २९ डिसेंबर

अग्लाया,

हे पत्र बसून वाच. गर्दीत वाचू नकोस.

पारास्किवा दहा दिवसांपूर्वी घरी आली. बालवाडीत कातिंका पेंगते, खेळत नाही, असं तिच्या कानावर गेलं होतं. दारातच थांबली आणि नाक मुरडून म्हणाली, "मास्तर, या खोलीत कोबी आणि खोकला दोन्ही आंबतायत. खिडकी उघडा आधी."

दोमनिका किंचाळलीच. "वारा लागेल पोरीला! अशाच वाऱ्याने माझ्या दिराचं तोंड वाकडं झालं होतं!"

"तुमच्या दिराचं तोंड कशाने वाकडं झालं ते अख्ख्या गावाला माहीत आहे, काकू. बाटलीतून वारा येत नाही." तिने स्वतःच खिडकी उघडली. मग टेबलावरचा माझा चमचा उचलला. "आणि हा दोरा कशाचा?"

मी ताठ बसलो. "माझा चमचा वेगळा. ताट वेगळं, पेला वेगळा. मी काही अडाणी नाही."

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. पाचवीत मी तिला सनावळ्यांवरून उभी करत असे, तेव्हा ती अशीच बघायची.

"मास्तर," ती म्हणाली, "चमचा सोन्याच्या पेटीत ठेवलात तरी काय उपयोग? हा आजार चमच्यातून जात नाही, श्वासातून जातो. रात्रभर तुम्ही या पोरीच्या मानेवर खोकता आणि तुमची मुलगी इटलीहून खिडक्या पाठवते, त्या खोकल्यातलं काही बाहेर जाऊ नये म्हणून."

तिने कातिंकाला वजनकाट्यावर उभं केलं. सप्टेंबरमध्ये होतं तेवढंच वजन. तीन महिन्यांत चार वर्षांची पोर काहीच वाढली नाही. तुझं पार्सल आलं की मी तिला दोन-दोन चॉकलेटं देतो आणि तिची नवी चड्डी अजून सैल आहे, हे मी पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं. मनावर घेतलं नव्हतं.

आता सरळ लिहितो. मला क्षय आहे. थुंकी तपासली, जिल्ह्याहून निकाल आला. मोठ्या माणसाला तो वर्षानुवर्षं पोखरतो. पाच वर्षांच्या आतल्या पोरात त्याला वेळ लागत नाही, फुप्फुसातून तो थेट मेंदूच्या आवरणापर्यंत जातो. आणि लहान पोरं खोकतसुद्धा नाहीत, की ऐकून कळावं. नुसती वाढायची थांबतात. अजून तिला काही झालं नसेल तर काही महिने रोज एक गोळी पुरते. झालं असेल तर पुरी औषधं, पण लगेच. काय आहे ते चाचणी आणि छातीचा फोटो काढल्याशिवाय कळायचं नाही.

"मग काढा ना," मी म्हणालो.

तिने पिशवीतून फाइल काढली. "इथे आईचा लेखी नकार आहे. मजकूर तुमच्याच अक्षरात आहे, मास्तर. काय सुंदर लिहिलाय! 'आज, उद्या किंवा पुढे कधीही, कोणत्याही कारणास्तव.' एक फट ठेवली नाहीत. त्या खिडक्यांसारखाच."

"मी फाडतो."

"तुम्ही आजोबा आहात. सही तिची, मागे घ्यायचा तोही तिनेच."

त्या दिवसापासून मी थोरल्या खोलीत झोपतो. वाचून तू दचकशील, मलाही पहिल्यांदा दारातून आत पाय टाकवेना. छतापर्यंत रचलेल्या उशा, तुझ्या आईने विणलेले गालिचे, कोपऱ्यातली देवाची तसबीर, आणि थंडी अशी की पाण्याच्या भांड्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. या खोलीत एक तर पाहुणा झोपतो, नाहीतर प्रेत. तुझ्या आईला आपण तीन दिवस इथेच ठेवलं होतं. घरातली सगळ्यात मोठी, सगळ्यात हवेशीर खोली आपण मेलेल्यांसाठी राखतो आणि जिवंत माणसं भट्टीभोवती एकमेकांचा श्वास पितात. पस्तीस वर्षं मी मुलांना रूढींविरुद्ध शिकवलं आणि या एका दाराला कधी हात लावला नाही.

कातिंकाजवळ आता दोमनिका झोपते. सकाळी पोरगी येऊन माझ्या दाराला नखं घासते. "आजोबा, मी काही केलं का?"

मी आतून म्हणतो, "नाही गं, राणी."

"मग दार का उघडत नाही?"



सोबत जिल्ह्याचा अहवाल आहे आणि एक कागद. नकार मागे घेतल्याचा. सही कर.

बाबा


साल्चिया, २२ जानेवारी

अग्लाया,

तुझं उत्तर मिळालं. "इस्टरला छाती, नाताळात फुप्फुस. बाबा, पुढच्या खेपेला काय निघणार? निरोगी पोरीला महिनोन्महिने गोळ्या देऊन तिचं यकृत जाळायचं, वर शिक्का मारायचा, हे तुमचेच शब्द ना? मी येणार नाही."

वाचून मी चिडलो, खोटं का बोलू? थोरल्या खोलीत एकटाच उभा राहून मी तुला अर्धा तास झापलं. मग दम लागला आणि खाली बसलो.

तुला ये म्हणत नाही. तुझ्या कागदपत्रांची अवस्था मला माहीत आहे, इस्टरला ते काम गेलं आणि त्याबरोबर परवानाही गेला. एकदा बाहेर पडलीस की परत आत जाता येणार नाही. तू तिकडे कोंडलेली, मी इकडे कोंडलेलो, आणि आपल्या दोघांच्या मधोमध पोरगी कोंडलेली. मला फक्त एक सही हवी आहे.

पारास्किवाने तुला फोन केला. तू तिला म्हणालीस, "ताई, इस्टरला बाबांच्या छातीत कळ आली म्हणून फोन केलात, तोही तुम्हीच. तेव्हाही याच आवाजात बोलला होतात." फोन ठेवून ती माझ्याजवळ आली, ओसरीवरच उभी राहिली. "मास्तर, तुमच्या शब्दाखातर आयुष्यात एकदा खोटं बोलले," म्हणाली, "आणि आता माझं खरं कुणी घेत नाही." मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माझी नका मागू. ज्यांची मागायची ते पादोव्यात आहेत."

मी जिल्ह्याचा अहवाल पाठवला, तर तू लिहितेस, शिक्का काय, एका बाटलीवर मिळतो. हेही माझंच वाक्य. लांडगा आला म्हणून मी एकदा ओरडलो, आणि आता लांडगा ओट्यावर चढलाय तर कुणी येईना.

तुझा विश्वास बसेल असं काय पाठवू? माझ्याजवळ आणखी एक कागद आहे. अजून मी तो कुणाला दाखवलेला नाही. विचार करतो.

बाबा


साल्चिया, ५ फेब्रुवारी २००९

पादोव्यातल्या बायांनो,

पुन्हा तुम्हा सगळ्यांना लिहितोय. अग्लाया, हे तूच मोठ्याने वाच. तुला नाही जमलं तर कोस्ताके वाचेल. त्याला मी वाचून दाखवलंय, आणि ऐकल्यापासून तो माझ्याशी धड बोलत नाही.

सोबत एक्स-रेची चिठ्ठी आहे. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यातली. तारीख बघा. २१ ऑक्टोबर. खाली लिहिलंय, दोन्ही फुप्फुसांत क्षयाची शंका, रुग्णाने ताबडतोब जिल्ह्याच्या क्षय दवाखान्यात जावं, घरातल्या लहान मुलांची तपासणी करावी.

शाळेच्या सभागृहात मी बोललो तो २ नोव्हेंबर. मी टेबलावर मूठ आपटत होतो, तुमच्या आया टाळ्या वाजवत होत्या, आणि ही चिठ्ठी माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होती. कातिंका पहिल्या रांगेत दोमनिकाच्या मांडीवर बसून माझ्याकडे हात हलवत होती.

अग्लाया, तू म्हणतेस बाबा कागद बनवून घेतात. मग हा कागद मी कशाला बनवला असता? हा माझ्या बाजूने बोलत नाही.

मी का बोललो ते सांगतो. बालवाडीत सुई टोचली असती तर पहिलाच प्रश्न आला असता, घरात कोण खोकतं? मला इस्पितळात नेलं असतं. पोरीची आई परदेशात, बाप कधीच पसार. तिला उचलून अनाथाश्रमात टाकतील, या भीतीने मी गोठलो. एवढीच गोष्ट होती. ती झाकायला मी तुमच्या पोरांची अब्रू, सरकारचा अन्याय आणि माझ्या भावाचं दुःख पांघरलं. त्यातलं काहीही खोटं नव्हतं, म्हणूनच तुम्ही फसलात. मी तुमच्या पोरांसाठी बोललो नाही. मी माझ्या दाराला कडी घालत होतो. आणि ज्या भीतीपायी हे केलं ती तरी किती पोकळ! परवा पारास्किवाला सांगितलं तर म्हणाली, "मास्तर, मला विचारायचंत. दोमनिकाकाकूंच्या नावाने कागद केला असता. एका सकाळचं काम." मी सगळ्यांना बोलून गप्प केलं होतं, विचारलं कुणालाच नव्हतं.

आणखी एक. इलारीची गोष्ट मी तुम्हाला अर्धीच सांगितली.

आम्ही तीन भावंडं होतो. इलारी, मी आणि सोफिका. सोफिका तीन वर्षांची होती आणि ओट्यावर इलारीच्या पोटाशी झोपायची, कारण तो तिला घोड्यांच्या गोष्टी सांगायचा. त्या हिवाळ्यात ती वाढेना. आई म्हणाली, दृष्ट लागली असेल. मनगटाला लाल दोरा बांधला. मग एके दिवशी तिला ताप आला, ओकाऱ्या झाल्या, आणि उजेड दाखवला की रडायला लागली. तिची मान वळेना. आई तिला 'इकडे बघ' म्हणायची आणि ती नुसते डोळे वळवायची. अकरा दिवस. थोरल्या खोलीत तिच्यासाठी टेबलसुद्धा लागलं नाही, बाकड्यावर मावली. त्यानंतर ट्रक आला आणि इलारीला घेऊन गेला. तो बरा झाला, पण आयुष्यभर त्याने कुठल्याही लेकराला मांडीवर घेतलं नाही. लग्नाच्या पंगतीत ती शेजारची खुर्ची लोक सोडत नव्हते, बायांनो. तो स्वतःच रिकामी ठेवायचा.

हे मला माहीत होतं. आठ वर्षांच्या डोळ्यांनी पाहिलेलं मला सगळं आठवत होतं. तरी चार वर्षांच्या पोरीला पोटाशी घेऊन मी झोपलो आणि चमच्याला लाल दोरा बांधला.

काल सभागृहाचं कुलूप काढून मी गावाला बोलावलं. तोंडाला फडकं बांधून, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून, दारात उभा राहून चिठ्ठी वाचून दाखवली. हे भाषण तीन मिनिटांचं झालं. टाळ्या नाहीत. कोपऱ्यातून कुणी तरी म्हणालं, "थू तुमच्या शहाणपणावर, मास्तर." मी म्हणालो, "बरोबर आहे." दोमनिका उठली, माझ्याकडे न बघता आपल्या घरी गेली आणि भिंतीत खिळलेली खिडकी पहारीने उचकटून काढली. वारा लागेल म्हणून तिने ती तेरा वर्षं बंद ठेवली होती.

पोरीला कुणाजवळ ठेवू म्हणून डिसेंबरपासून टाळत आलो, पण सोमवारी मी जिल्ह्याच्या इस्पितळात जातोय. निदान दोन महिने. कातिंका दोमनिकाकडे राहील, तो कागद झालाय. मंगळवारपासून पोरीला अंगात कणकण आहे. पारास्किवा म्हणते, सर्दीही असेल, नसेलही. फोटो काढल्याशिवाय देवालाही सांगता येणार नाही. आज सकाळी मी अंगणातून खिडकीशी गेलो आणि कातिंकाला म्हणालो, "राणी, छताकडे बघ, तिथे चिमणी आहे." तिने मान वर केली आणि शोधायला लागली. "कुठाय? आजोबा, तुम्ही खोटं बोलता!" मान वळत होती, अग्लाया. अजून वळते आहे. रोज सकाळी उठून मी हेच खोटं बोलतो आणि जीव मुठीत धरून बघतो.

तुम्हा अकरा जणींनी माझ्या अक्षरावर सह्या केल्यात. चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात आज नकार मागे घेण्याचे अकरा कागद आहेत आणि या खेपेला मजकूर मी लिहिलेला नाही. पारास्किवाने लिहिलाय. दोन ओळींचा आहे, त्यात एकही सुंदर शब्द नाही. बाकीच्या दहा जणींनी घरी न्या, विचार करा, मला शिव्या द्या, आणि मग ठरवा. मला आज एकीशीच बोलायचं आहे.

अग्लाया, पहिला नकार तुझा होता. मला माफ करू नकोस, माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, मी मेलो तर थोरल्या खोलीत मला बघायलाही येऊ नकोस. ते सगळं तुझ्या हातात आहे आणि तुझा तो हक्क आहे. कोस्ताके बरोबर बारा वाजता इंजिन सुरू करतो आणि पुढची गाडी दोन आठवड्यांनी आहे. सोफिकाला अकराच दिवस मिळाले होते.

बायांनो, तिच्याजवळ पेन नसेल तर कुणी तरी द्या. पाठीचा टेकू द्या कागदाखाली.

सही कर, पोरी.